आकड्यांची चूक, मुलांना शिक्षा

शाळेच्या पटाचा सरकारी आकडा चुकला तर तो दुरुस्त कोणी करावयाचा, आणि दुरुस्ती नाकारली गेल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. सभेच्या विषयपत्रिकेवर तो क्वचितच येतो. तथापि खेड्यातील शाळेला किती शिक्षक मिळतील, किती पुस्तके व किती गणवेश येतील, हे सारे याच आकड्यावर ठरते. गरिबांच्या मुलांचे शिक्षण ज्या आकड्यावर टांगलेले आहे, तो तपासण्याचा अधिकार गरिबांनाच नसेल, तर प्रश्न कारकुनी राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

देशातील शाळांची माहिती एकत्र करण्याची आजची पद्धत 1990 नंतरच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर रुजली. 2012-13 मध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळांची माहिती ‘यू-डायस’ या एकाच व्यवस्थेत आली आणि 2018-19 पासून ‘यू-डायस प्लस’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्राने 2015 मध्ये ‘सरल’ नावाची स्वतःची प्रणालीही उभारली. पूर्वी शाळा वर्गवार संख्या कळवीत असे. 2022-23 पासून यू-डायसमध्ये प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली. या बदलाच्या काळात देशाची पटसंख्या 2021-22 मधील सुमारे 26.52 कोटींवरून 2023-24 मध्ये 24.80 कोटींवर आली. पद्धत बदलल्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, असा खुलासा शिक्षण मंत्रालयानेच केला. परंतु या पावणेदोन कोटींच्या घसरणीत दुबार नोंदी किती गळाल्या, खरोखर शाळा सुटलेली मुले किती, आणि वर्गात बसलेली असूनही नोंदीबाहेर राहिलेली मुले किती, याचा उलगडा केवळ त्या बेरजेतून होत नाही.

खोट्या पटाचा रोग खरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली आणि हजेरीपटावर असलेली परंतु वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. शिक्षणाला धंदा मानणाऱ्या संस्थाचालकांनी कागदी मुले दाखवून अनुदान व शिक्षकांच्या जागा मिळविल्या होत्या. श्रमिकांच्या करातून आलेल्या पैशाची ही लूट होती, आणि तिचे समर्थन कोणत्याही समाजवाद्याने करण्याचे कारण नाही. परंतु या रोगावर जो उपाय योजला गेला त्याची दिशा पाहावी. बनावट पट दाखविणाऱ्यावर जरब बसण्याऐवजी प्रत्येक मुलालाच आपले अस्तित्व सिद्ध करावयास लावले गेले. 2022-23 च्या सुमारास महाराष्ट्रात संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतील शिक्षकांच्या जागा ठरविण्यासाठी, आधार क्रमांक प्रमाणित झालेलेच विद्यार्थी धरण्याची अट आली. मूल वर्गात रोज हजर असेल, त्याची वही तपासली जात असेल, पोषण आहाराच्या पंगतीला ते बसत असेल. परंतु त्याच्या नावाचे अक्षर दोन ठिकाणी जुळले नाही तर जागांच्या हिशेबात ते मूल नाही.

आणि अक्षरे जुळत नाहीत याचे आश्चर्य तरी कशाला वाटावे? मराठी माणसाचे नाव तीन पदांचे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, तर आधारपत्रावर ते शेवटी किंवा मुळीच नाही. कोठे ‘बाई’ सुटले, कोठे ‘राव’ जोडले गेले, कोठे रोमन लिपीतून मराठीत येताना ‘ळ’चा ‘ल’ झाला. जन्मदाखला नसलेल्या कित्येक पिढ्यांना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख बहाल केली, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती सवय अजून पुरती मोडलेली नाही. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारनोंदणीत बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. पाचव्या व पंधराव्या वर्षी ते देऊन नोंद अद्ययावत करावी लागते. शहरातील सुशिक्षित पालक हे काम एका सकाळी उरकतो. ऊसतोड कामगाराला, वीटभट्टीवरच्या मजुराला, पाड्यावरच्या आदिवासी बाईला त्यासाठी तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात, आणि प्रत्येक हेलपाट्यागणिक एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे चूक कोणाचीही होऊ शकते, पण ती टिकून राहते ती गरिबाच्याच नोंदीत.

एका चुकीची किंमत किती, हे शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहावे. 2009 च्या या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक. एकसष्ट मुलांच्या शाळेत एकाच मुलाची नोंद अवैध ठरली की हिशेबात साठ मुले उरतात आणि तिसरा शिक्षक अतिरिक्त होतो. शासन आपल्या निर्णयांनी हे उंबरे वेळोवेळी मागेपुढे करते. परंतु उंबरा कोठेतरी असतोच, आणि लहान शाळा नेहमी त्याच्या काठावर उभी असते. एका वेलांटीच्या चुकीमुळे साठ मुलांचा शिक्षक जातो. ज्याने चूक केली त्याचे मात्र काहीही जात नाही.

आता दुरुस्तीची वाट पाहावी. नोंद भरावयाची मुख्याध्यापकाने. कित्येक गावांत हा मुख्याध्यापक म्हणजे दोन वर्ग सांभाळणारा शिक्षकच असतो. माहिती प्रमाणित करून वर पाठविली की ती सहजी उघडत नाही. मग केंद्रप्रमुखाला सांगावयाचे, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावयाचा, तेथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे प्रस्ताव. शाळेच्या नोंदीतील नाव वा जन्मतारीख बदलावयाची तर वरची मंजुरी हवी. आधारपत्रावरील बदलावयाची तर दुसरेच दार. एका गावची शाळा सोडून दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाची नोंद तर संगणकातील ‘ड्रॉपबॉक्स’ नावाच्या पेटीत जाऊन पडते. नव्या शाळेने ती तेथून उचलून घेतली नाही, तर ते मूल त्या वर्षी कोणत्याच शाळेचे नसते. या सर्व प्रवासात शाळा जे करते ती विनंती असते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळेलच असे नाही, आणि जी कचेरी आकडा स्वीकारते तीच त्या आकड्याविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा करते. आरोपीनेच न्यायाधीश व्हावे असा हा प्रकार आहे.

वस्तुतः कायद्याने वेगळी वाट दाखविलेली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 32 नुसार मुलाच्या हक्कासंबंधी कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत तिचा निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पुरेसे शिक्षक असणे हा त्याच कायद्यातील हक्क असल्यामुळे चुकीच्या आकड्याने शिक्षक काढून घेणे ही त्या कलमाखालील तक्रार ठरते. शिवाय 26 सप्टेंबर 2018 च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि त्याच्या अभावी कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. प्रवेश द्यावयाचा, पण शिक्षक मोजताना मूल वगळावयाचे, ही या निकालाच्या अक्षराला सांभाळून त्याच्या आशयाला दिलेली बगल आहे.

यास्तव मागणी नेमकी असावयास हवी. संचमान्यतेपूर्वी प्रत्येक शाळेचा आकडा शाळेच्या फलकावर व ग्रामसभेत जाहीर व्हावा. हरकतीसाठी निश्चित मुदत असावी, आणि हरकत फेटाळल्यास सकारण लेखी निर्णय द्यावा. अपील आकडा स्वीकारणाऱ्या कचेरीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जावे, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत कोणतेही पद कमी होऊ नये. संगणकातील नोंद आणि वर्गातील मूल यांत विसंगती असेल तर प्रत्यक्ष पाहणी व्हावी आणि वर्गातील मुलाचा पुरावा श्रेष्ठ मानावा. उलट पाहणीत मूल नसल्याचे सिद्ध झाल्यास संस्थाचालकाकडून वसुली व्हावी. तेथे दयामाया नको.

कार्यकर्त्यांनी या मागणीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. सप्टेंबरअखेरचा पट ठरण्याआधी या समितीची बैठक घ्यावी, हजेरीपट आणि संगणकातील यादी शेजारी ठेवून एकेक नाव वाचावे, जे नाव गळले असेल त्याची लेखी तक्रार कलम 32 खाली करून पोच घ्यावी. हंगामाला निघालेल्या कुटुंबांच्या मुलांची यादी वेगळी ठेवावी आणि ती जेथे जातील तेथील साथींना कळवावी. मोर्च्याइतके हे काम डोळ्यांत भरणारे नाही. पण एका तालुक्यातून शंभर लेखी तक्रारी गेल्या तर कचेरीला उत्तर द्यावेच लागेल.

1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलांच्या याद्या झाल्या त्या घरी बसलेल्या मुलाला शाळेत आणण्यासाठी. आज शाळेत आलेल्या मुलाला बाहेर ठेवण्यासाठी यादी वापरली जात असेल, तर ती यादी दुरुस्त करून घेणे हा शिक्षणाच्या हक्काच्या लढ्याचाच भाग आहे.