जुन्या गाडीचा पहिला मिस्त्री

यवतमाळहून दारव्हा रस्त्याने निघाले की लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत लागते. डेनिमचे कापड विणणारा मोठा कारखाना इथलाच. सूत-कापडाच्या धंद्यातला कोणीही सांगेल की, माग बंद पडल्यावर दुरुस्त करणे हा नाइलाज. खरे काम तो बंद पडू नये म्हणून करायचे असते. कोणत्या बेअरिंगला कधी ग्रीस द्यायचे, कोणता पट्टा किती तासांनी बदलायचा, हे वहीत लिहिलेले असते आणि फिटर, ऑईलमन त्याप्रमाणे चालतात. हीच शिस्त यवतमाळच्या, एमएच-२९ क्रमांकाच्या जुन्या गाड्यांच्या वाट्याला मात्र येत नाही. त्यांचे बॉनेट उघडते ते गाडी रस्त्यात बंद पडल्यावर. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीची नेहमीची निगा मालकाने स्वतःच्या हाताने राखली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माहिती व सुटे भाग त्याच्यापर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था सरकारने आणि कंपन्यांनी केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पैसे वाचतात हा त्यातला लहान भाग. जुनी गाडी सुरक्षित ठेवण्याचा दुसरा भरवशाचा मार्गच नाही, हे खरे कारण.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून कारसाठी ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० झाले. महाराष्ट्रात शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले भंगार धोरण खासगी गाडीच्या मालकावर सक्ती करत नाही. म्हणजे गाडी पंधरा वर्षांची झाली की मोडीत काढा, असे कायदा म्हणत नाही. ती धडधाकट असल्याचे दाखवा आणि चालवा, असे म्हणतो. अडचण इतकीच की ही तपासणी पाच वर्षांतून एकदा होते आणि पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. मधल्या अठराशे दिवसांत ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषत राहते, टायरचे रबर उन्हाने कडक होत जाते, होजपाइपला भेगा पडतात. त्या दिवसांत गाडीजवळ रोज असणारा माणूस एकच, तो म्हणजे मालक. त्याला यातले काही दिसत नसेल, तर ते कोणालाच दिसत नाही.

यवतमाळच्या हवेत हे अधिकच खरे आहे. इथला उन्हाळा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्याची सगळी झळ रेडिएटरला बसते. त्याची तयारी हिवाळ्यातच सुरू झालेली असते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्यावर येतात, कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकू लागतात. तोच कापूस आणि रस्त्याची धूळ समोरच्या जाळीतून आत ओढली जाते आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत दाबून बसते. तिथे हळूहळू नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून काही कळत नाही. मे महिन्यात तापमानाचा काटा वर सरकू लागतो तेव्हा दोष इंजिनाच्या वयाला दिला जातो. उपाय साधा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारले की तो थर ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. धार जोराची असेल तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या दुमडतात, एवढे भान ठेवावे लागते.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. ते काही टाकीवरचे साधे बूच नव्हे. आतली स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते, आणि साधारण ०.९ बार दाबाखाली पाणी शंभर अंशांना न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग सैल पडली किंवा तिच्याखालचे रबर तडकले की हा दाब जातो, पाणी लवकर उकळते, वाफ होऊन बाहेर पडते, आणि कोरड्या पडलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते. मग गॅसकेट जाते, हेड उतरवून प्लेन करून घ्यावे लागते आणि बिल हजारोंत जाते. झाकण काहीशे रुपयांत मिळते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ते उघडून रबरावरून बोट फिरवले, तर भेग आहे की नाही ते कळते. गरम गाडीचे झाकण मात्र कधीही उघडू नये, चेहरा भाजतो. पाण्याचेही तसेच. बोअरचे क्षारांचे पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय सर्रास आहे. पाणी तापवण्याच्या भांड्याला बुडाशी जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या आतल्या नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

असे किती दाखले द्यावेत? बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने निघते, वर व्हॅसलीनचा हात फिरवला की लवकर परत येत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली म्हणून टायर चांगला मानणाऱ्याने ते आकडे एकदा वाचावेत. एअर फिल्टर बदलायला बहुतेक गाड्यांत चार क्लिपा उघडाव्या लागतात, बस.

यावर पहिला आक्षेप येतो तो धोक्याचा. अर्धवट माहितीवर हात घातला तर जीव जाईल. आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेता येणार नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, खाली शिरायचे तर भक्कम घोडीच लागते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार बसवणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे. ब्रेकची लाइन, एअरबॅग, पेट्रोलचा पाइप, सीएनजीचे किट, टायमिंग बेल्ट यांना घरी हात लावूच नये. पण म्हणून काहीच करू नये, हा निष्कर्ष यातून निघत नाही. पूर्वीचा शेतकरी विळ्याला धार घरीच लावायचा आणि नांगराचा फाळ पाजवायला लोहाराकडे न्यायचा. आपण कोणते काम करायचे आणि कोणते कारागिराकडे न्यायचे, ही समज त्याला होती, कारण दोन्ही कामे त्याने जवळून पाहिली होती. बॉनेट कधीच न उघडणाऱ्याला ही सीमारेषा दिसत नाही. असाच माणूस ब्रेकचे पेडल खाली जात असतानाही आठवडाभर गाडी चालवतो.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. मालकच कामे करू लागले तर नाक्यावरच्या मिस्त्रीने काय करायचे? प्लग पुसणे आणि हवा भरणे यावर कोणत्याही मिस्त्रीचे घर चालत नाही. त्याला खरा घास मिळतो तो क्लच, सस्पेन्शन, इंजिनाच्या कामातून, आणि ते काम त्याच्याकडेच राहणार आहे. उलट वेळेवर, नेमकी तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक त्याला परवडते. मिस्त्रीचे नुकसान कोणी केले असेल तर ते कंपन्यांनी. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तके आणि दोष शोधण्याची उपकरणे त्या स्वतंत्र गॅरेजांना खुली करत नव्हत्या, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण पोर्टलवर माहिती टाकण्याची सक्ती करणारा कायदा त्यामागे नाही. मालक आणि मिस्त्री एकाच बाजूला उभे आहेत. दोघांनाही तेच पुस्तक आणि तोच सुटा भाग हवा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुनी गाडी धूर ओकते, मग तिचे आयुष्य कशाला वाढवायचे? कार्ब्युरेटरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी कितीही जपली तरी एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ होणार नाही, हे मान्य करायलाच हवे. दिल्लीसारख्या कोंदटलेल्या शहरात तिच्यावर बंधने येणे समजण्यासारखे आहे. यवतमाळ जिल्ह्यातला प्रश्न वेगळा आहे. मूर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, वर्धा-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब एवढाच तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. रात्री रुग्णाला नागपूरला, दीडशे किलोमीटरवर, न्यायचे तर अनेक घरांत दारातली जुनी गाडीच कामी येते, आणि नव्या गाडीचा हप्ता त्या घराला पेलणारा नसतो. ती गाडी राहणारच आहे. प्रश्न तुंबलेल्या फिल्टरने आणि झिजलेल्या प्लगने ती धावणार की नीट राखलेली धावणार, एवढाच उरतो. आणि प्लग नीट पेट घेत नसेल तर न जळलेले पेट्रोल थेट सायलेन्सरमधून बाहेर पडते. तेल बदलण्याचे काम मात्र गॅरेजवरच सोपवावे. वापरलेले इंजिन ऑईल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नालीत किंवा बांधावर ओतणे गुन्ह्याइतकेच वाईट आहे.

मोठ्या योजनेची गरज नाही. गाडीसोबतची माहितीपुस्तिका मराठीत मिळावी, ही मागणी कंपन्यांकडे आपण कधी केलीच नाही. यवतमाळच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवणारे लोक आणि अवजारे आहेत. रविवारी दोन तासांचा वर्ग मालकांसाठी, महिलांसाठी, नव्याने गाडी शिकलेल्या पोरांसाठी तिथे भरवता येईल, आणि लोहाऱ्याच्या वसाहतीतल्या कारखान्यांचे फिटर त्यात शिकवायला येऊ शकतील. वेळापत्रकाने यंत्र कसे जपायचे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला येते? पहिला वर्ग फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आत भरवावा, सकाळी, गाड्या थंड असताना. आणि सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करावी.