शाल-श्रीफळ पुरे, आता वर्गात जागा द्या

मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
आणि
हिंगोली जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांचे मा. प्राचार्य यांस,



26 जानेवारी, 26 जुलै आणि 15 ऑगस्ट या दिवशी आपल्या महाविद्यालयांत माजी सैनिकाला पहिल्या रांगेत खुर्ची असते. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो सगळे होते. तोच माणूस जून-जुलैत प्रवेशाच्या खिडकीशी उभा राहिला, की आतून विचारणा होते, "मेजर, मुलाचं ॲडमिशन का?" नाही, माझेच आहे, असे त्याने सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला, "आता या वयात कशाला?" व्यासपीठावर ज्याला मान, त्याला वर्गात मात्र जागा नाही, ही गोष्ट मनाला लागते, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

हिंगोलीला सैनिक नवा नाही. निजामाच्या राज्यात इथे लष्कराची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे आजही शहरात रोजच्या बोलण्यात आहेत. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या स्वामीजींनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले आणि त्या लढ्याचा शेवट सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजेच्या कारवाईने झाला. सैनिकाचे ऋण मानायला आपल्याला दुसरीकडे दाखले शोधावे लागत नाहीत.

आता आज घरी परतणारा जवान पाहा. सेनगाव किंवा औंढ्याकडचा मुलगा बारावी होताच भरती झालेला असतो आणि पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशीच्या आसपास घरी येतो. पुढे कामाची पंचवीस वर्षे शिल्लक असतात. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला पदवी समकक्ष प्रमाणपत्र मिळते. केंद्राच्या गट 'क'च्या नोकऱ्यांसाठी ते चालते. पण बी.एड. करायचे, एम.ए. करायचे, तर खरी पदवीच लागते. राज्य सरकारने गट 'क' आणि 'ड'च्या पदांत माजी सैनिकांसाठी 15 टक्के जागा ठेवल्या आहेत. शिक्षणात मात्र त्याच्या नावाने फारसे काही नाही. अभियांत्रिकी प्रवेशातल्या संरक्षण दलाच्या जागा त्याच्या मुलांसाठी आहेत. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे. त्या असायलाच हव्यात. पण सैनिक स्वतः विद्यार्थी होऊ शकतो, हे योजना आखणाऱ्यांच्या मनातच आलेले दिसत नाही.

म्हणून कागदपत्रांपाशीच त्याचे अडते. बारावीनंतर इतकी वर्षे खंड पडला, म्हणून त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितले जाते. छापील मजकूर असा, की या काळात मी कोठेही शिक्षण घेतले नाही. तो सही करतो, आणि त्याच वेळी त्याच्या पिशवीत डिस्चार्ज बुक असते. त्या पुस्तिकेत त्याचा ट्रेड, केलेले कोर्स, उत्तीर्ण झालेल्या लष्करी परीक्षा, सगळे शिक्क्यानिशी नोंदलेले असते. कुणी सिग्नल्समध्ये संदेशयंत्रणा सांभाळलेली असते, कुणी लष्करी रुग्णालयात नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेले असते. हे शिक्षण नाही, असे त्याच्याच सहीने लिहून घ्यायचे, हे बरे दिसत नाही.

बी.ए. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचेच उदाहरण घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरलेला असतो. समोच्च रेषांवरून चढ-उतार ओळखायचा, सहा अंकी संदर्भ काढायचा. मुले गोंधळतात. फौजेत नकाशावाचनाच्या पायरीपायरीच्या परीक्षा असतात. हा माणूस त्या देऊन आलेला असतो आणि रात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात त्याने तशाच नकाशावरून वाट काढलेली असते. अशा विद्यार्थ्याला प्राध्यापकांनी पुढे बोलावले, तर साऱ्या वर्गाचा फायदा आहे.

पण त्याला पुढे बोलावतात ते वेगळ्याच कामाला. स्नेहसंमेलनाचा बंदोबस्त, स्वातंत्र्यदिनाची परेड, फाटकावर थांबून ओळखपत्रे तपासणे. काही जण बिचकून वागतात. फौजी डोके, कधी तापेल नेम नाही, म्हणतात. तासिका तत्त्वावरचा अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक आणि समोर अडतीस वर्षांचा विद्यार्थी, हा अवघडलेपणा मी समजू शकतो. तो मात्र 'सर' म्हणून उठून उभा राहतो. शिकवणाऱ्याचा मान ठेवणे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

सगळ्यात वाईट तिसरा प्रकार. ग्रामीण भागात कला शाखेच्या जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी सैनिकाचे स्वागत होते ते पटावरचा आकडा वाढतो म्हणून. "फॉर्म भरा, परीक्षेला या, बाकीचं आम्ही बघतो," असे त्याला सांगितले जाते. त्यालाही ते सोयीचे वाटते, कारण शेती असते किंवा बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी असते. पण अशाने हातात कागद येतो, विद्या येत नाही. त्याच्या खऱ्या अडचणीकडेही कुणाचे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे पलटणीत हिंदी बोललेल्या माणसाला मराठीत दहा गुणांचे उत्तर सलग लिहिणे जड जाते. इंग्रजी आणि गणित सुटलेले असते. त्याला थोडे दिवस कुणी नीट बसवून शिकवले, तर तो कुणालाही मागे टाकील.

ही नुसती आशा नाही. 1944 मध्ये अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष कॉनंट आणि शिकागो विद्यापीठाचे हचिन्स यांनी दर्जा घसरेल अशी भीती जाहीरपणे व्यक्त केली होती. 1947 पर्यंत तिथल्या महाविद्यालयांतले जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, आणि अभ्यासात ते इतरांपेक्षा सरस ठरले. कॉनंट यांना आपले मत बदलावे लागले.

आपल्याकडे ही बाब आता थांबण्यासारखी नाही. चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरू लागतात आणि प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच पुढे कायम होणार आहेत. बाकीचे बाविशी-पंचविशीत गावी येतील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये हातात असतील आणि पुढे काय, हा प्रश्न असेल. इग्नूने त्यांच्यासाठी पदवीची सोय केली आहे, ती चांगलीच आहे. तरी गावाजवळच्या महाविद्यालयात, समवयस्कांत बसून शिकण्याची वाट त्यांना मोकळी हवी.

म्हणून आपल्याकडे मागणी आहे ती अशी. सैनिकाकडून खंडाचे प्रतिज्ञापत्र घेणे बंद करा. डिस्चार्ज बुक किंवा सेवा प्रमाणपत्र पुरेसे माना. वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 मध्ये जाहीर केली आहे. तिचा वापर करून जानेवारीत प्रवेश सुरू करा, म्हणजे हिवाळ्यात परतलेल्या मुलाचे सहा महिने वाया जाणार नाहीत. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवातून मिळालेल्या शिक्षणालाही श्रेयांक देता येतात. लष्करी प्रशिक्षणाला ते कसे द्यायचे, हे विद्यापीठाने ठरवून परिपत्रक काढावे. प्रत्येक महाविद्यालयात एक प्राध्यापक त्यांच्यासाठी नेमा. मराठी लेखन, इंग्रजी आणि गणिताचे उजळणी वर्ग रविवारी किंवा संध्याकाळी घ्या. आणि परीक्षेपुरता प्रवेश कुणालाही देऊ नका, सैनिकाला तर नकोच.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही की मोठा निधी. एक परिपत्रक आणि मनाची तयारी लागते. येत्या प्रवेशाच्या वेळी खिडकीशी आलेल्या सैनिकाला वय विचारू नका. कोणता विषय घ्यायचा आहे, एवढेच विचारा आणि त्याला वर्गात बसवून शिकवा.

कळावे,
आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक नागरिक