राहून गेलेली दुर्बीण

बालपणी ज्या वस्तूसाठी मन झुरले, ती पुढे हाती पैसा आल्यावर घ्यावी की न घ्यावी? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या मनात तो कोठेतरी दडलेला असतो. कोणाला कॅमेरा हवा होता, कोणाला मेकॅनो. मला दुर्बीण हवी होती. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला आणि मी वडिलांकडे हट्ट धरला. सात माणसांच्या घरखर्चात ती बसणारी नव्हती. त्या नकारात कृपणता नव्हती, हे आज उमगते.

पुण्याला हे वेड जुनेच आहे. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीच्या आधारे येथील सायन्स कॉलेजात १८८८ साली वेधशाळा उभारली. तिच्यातील २० इंची आरशाची दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ साली हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात स्थापन झाली.

विकतची दुर्बीण परवडत नसे, तेव्हा जगभरचे हौशी लोक ती स्वतः घडवीत. काचेच्या दोन जाड चकत्यांमध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून त्या एकमेकींवर घासायच्या. वरची हळूहळू अंतर्गोल होते, खालची बहिर्गोल. ६ इंची आरशाचे नाभीय अंतर ४ फूट हवे असेल, तर मध्यभागी खोली जेमतेम १.२ मिलिमीटर लागते. तेवढ्यासाठी कित्येक दिवस हात झिजवावे लागतात.

त्या मंडळींना केवळ वस्तू हवी असती, तर इतके कष्ट कोणी घेतले नसते. पुस्तकात वाचलेले स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावे, ही त्यामागची ओढ. माझ्या हट्टाच्या मुळाशीही तीच होती, हे गेल्या हिवाळ्यात दुर्बीण घेतल्यावर कळले. गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसले. गॅलिलिओने १६१० साली ज्यांची नोंद केली, तेच हे चंद्र. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. मी वहीत दोन्ही आकृत्या काढून ठेवल्या.

विलंबाची किंमत मात्र द्यावी लागली. शहराच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा आता आमच्या गच्चीवरून दिसत नाही. चंद्र, गुरू आणि शनीचे कडे यांना तो झगमगाट झाकू शकत नाही, एवढेच समाधान.

अपरिग्रहाचा संस्कार असलेल्या घरात नवी वस्तू आणताना मन कचरते, ते योग्यच आहे. वापराविना कपाटात पडून राहणारी दुर्बीण हा निव्वळ परिग्रह होय. म्हणून आधी एखाद्या हौशी मंडळाच्या आकाशदर्शनाला जावे, किंवा कोणाची साधी द्विनेत्री मागून आणावी. तीतूनही गुरूचे चंद्र दिसतात. चातुर्मास संपता संपता पुण्याचे आकाश निवळते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास अर्ध्या चंद्रावरील विवरांच्या सावल्या स्पष्ट उमटतात. त्या संध्याकाळी घरातील मुलांना गच्चीवर न्यावे आणि पहिल्यांदा त्यांना पाहू द्यावे. त्यांनी पुन्हा पुन्हा मागणी केली, तर खरेदीचा विचार अवश्य करावा. आणि तो त्यांची पन्नाशी येईपर्यंत लांबवू नये.