विश्लेषण : ‘बेंच’वरच्या ३५ दिवसांत नवे तंत्र शिकता येते का?

टीसीएसने १२ जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणानुसार कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर असणे आवश्यक आहे. ‘बेंच’वर, म्हणजे प्रकल्पाविना, जास्तीत जास्त ३५ दिवस राहता येते. पुढच्या दीड महिन्यात कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतलेच अधिक. कारण दिले ते एआयचे नव्हे, तर कौशल्ये आणि उपलब्ध कामे जुळत नसल्याचे.

नव्या टीममध्ये अवघड काय?

प्रोग्रामिंगची भाषा हा त्यातला सोपा भाग. जावा ८ (२०१४) वर हात बसलेल्याला जावा १७ (२०२१) परके वाटत नाही. भोवतालची साधने मात्र बदललेली असतात. एसव्हीएनच्या जागी गिट येते, सर्व्हरवर हाताने फाइल चढवण्याऐवजी डॉकर आणि कुबरनेटिस येतात. हेही अभ्यासक्रमातून शिकता येते. बेंचवरच्याने रोज चार ते सहा तास शिकावे, अशी धोरणाची अपेक्षा आहे. ३५ दिवसांचे ते फार तर २१० तास होतात.

खरी अडचण पुढे आहे. एखाद्या बँकेच्या व्याज-आकारणीच्या कोडमध्ये एक विचित्र अट का घातली, हे कोणत्याही व्हिडीओत नसते. ते जुन्या सहकाऱ्याच्या डोक्यात असते. प्रोग्राम म्हणजे मुळात तो लिहिणाऱ्यांची समज, आणि ती कागदपत्रांत पूर्ण उतरत नाही, असे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच मांडले होते. त्याच्या दहा वर्षे आधी फ्रेड ब्रुक्स यांनी रखडलेल्या प्रकल्पात नवी माणसे घातली की तो आणखी रखडतो, हे दाखवले. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो.

एआयने हे सोपे होईल?

काही अंशी. अनोळखी कोड समजावून घ्यायला ही साधने उपयोगी पडतात. पण ‘मेटर’ या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना २४६ कामे देऊन पाहिले, तेव्हा एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र काम २० टक्के लवकर झाल्यासारखे वाटत होते! हे सारे आपापल्या ओळखीच्या कोडवर काम करत होते, त्यामुळे नवख्याला हाच आकडा लावता येत नाही. काम झाले ही भावना आणि काम होणे यांत अंतर असते, एवढे त्यातून दिसते.

मग पेच कुठे?

प्रमाणपत्र मिळाले तरी प्रकल्प व्यवस्थापक विचारतो तो प्रत्यक्ष अनुभव; आणि अनुभव मिळायला प्रकल्पच लागतो. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू नये, तसा हा प्रकार. पंधरा वर्षे एकाच ग्राहकाची जुनी प्रणाली सांभाळणाऱ्याला तो सर्वाधिक जाचतो. एवढी वर्षे त्याला तिथेच ठेवणे कंपनीच्या सोयीचे होते, ही बाजू ‘कौशल्ये जुळत नाहीत’ या खुलाशात येत नाही. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने कपातीविरोधात केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे धाव घेतली आहे.