कमरेच्या मणक्यातील अरुंद वाट

पेढीपासून घरापर्यंतचे अंतर तेच असते. पण साठी ओलांडलेल्या गृहस्थास ते एकाएकी लांबल्यासारखे वाटू लागते. शंभर-दोनशे पावलांत पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात. जरा बसले की सारे पूर्ववत. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. पुष्कळदा कारण अधिक नेमके असते: कमरेतील मज्जानलिका अरुंद झालेली असते.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पायांकडे व मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा झुपका नलिकेतून उतरतो. वयोमानाने मणक्यांमधील चकती फुगते, सांधे वाढतात, मागचा अस्थिबंध जाड होतो आणि नसांची जागा आक्रसते. हॉलंडचे शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

ताठ उभे राहिल्यास नलिका अधिक आवळते, पुढे वाकल्यास मोकळी होते. म्हणूनच असा रुग्ण गल्ल्यावर कोपरे टेकून बरा असतो आणि सायकलही सुखाने चालवतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानेही चालताना पोटऱ्या दुखतात. पण तेथे नुसते थांबले तरी आराम पडतो, वाकावे लागत नाही. मधुमेही व तंबाखूसेवी व्यक्तींनी ही तपासणी आवर्जून करून घ्यावी.

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरण्याचे कारण नाही. काहीही त्रास नसलेल्या अनेक वृद्धांतही असा अरुंदपणा दिसतो. नुसत्या ताळेबंदावरून कर्ज मंजूर करू नये, तसेच नुसत्या चित्रावरून शस्त्रक्रिया ठरवू नये. अमेरिकेतील १६९ रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांअंती शस्त्रक्रिया व फिजिओथेरपी या दोन गटांच्या शारीरिक क्षमतेत विशेष फरक आढळला नाही. मात्र फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगितले पाहिजे. त्रास बेताचा असल्यास पोटाचे स्नायू बळकट करणारे व पुढे वाकण्याचे व्यायाम तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत. हाती काठी घेण्यात कमीपणा नाही. चालणेच खुंटले, तर नसांवरील दाब काढणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो.

परंतु लघवी अडली, शौचावरील ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. दुकान वाढवण्याच्या वेळेची वाट पाहू नये.