माळ्यावरचा हिशेब

ईदला आता दहा-बारा दिवस उरले आहेत. मोहल्ल्यातल्या गच्च्यांवर पडदे, चादरी, उशांचे अभ्रे वाळताना दिसू लागले आहेत. दिवाळीच्या आधी आपल्या सगळ्या गावात जी झाडलोट चालते, तीच ही. फरक इतकाच, की दिवाळी पावसाची ओल सुकल्यावर येते आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. त्यामुळे माळा कधी भर उन्हाळ्यात काढावा लागतो, तर कधी ऐन पावसाळ्यात, आणि मग धुतलेली रजई वाळवायची कुठे, हा प्रश्न पडतो. खरे तर हे काम शब-ए-बरातला, म्हणजे रमजानच्या पंधरवडाभर आधीच उरकायचे असते. अनेक घरांत ते तेव्हा निम्मे होते आणि उरलेले निम्मे शेवटच्या दहा दिवसांत, रोजा धरून केले जाते. इबादत सर्वांत जास्त करायची ती याच दहा दिवसांत. घरातले पुरुष त्यासाठी मशिदीत एतेकाफला बसतात. माळ्यावर कोण चढते, हे सांगायला नको.

आणि इतके करून होते काय? बहुतेक घरांत वस्तू माळ्यावरून खाली येते, पुसली जाते आणि परत माळ्यावर जाते. झाकण हरवलेले डबे, लग्नात आहेर म्हणून आलेले आणि खोकेसुद्धा न फोडलेले ग्लासचे सेट, मोटर जळलेला मिक्सर, बंद पडलेले मोबाइल, कलईवाला मिळत नाही म्हणून पडून असलेली आजीची तांब्याची पातेली, मुलांना आखूड झालेले गेल्या दोन ईदचे कपडे. दहा माणसांच्या घरात प्रत्येक जण वस्तू आणतो. ती कुठे ठेवायची, हे मात्र एकीने ठरवायचे असते. जागा संपली की पसारा तिच्या नावावर लागतो.

‘कधीतरी लागेल’ हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या पिढीने टंचाई पाहिली, तिच्यासाठी ते शहाणपण होते आणि त्या पिढीच्या घरात पसारा नव्हता, हेही खरे. कारण वस्तूला पुढचा रस्ता ठरलेला असे. सुती लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पायपुसणे, शेवटी पोतेरे. आजच्या सिंथेटिक साडीला हा रस्ताच नाही. तिची वाकळ ऊब धरत नाही आणि पोतेरे पाणी शोषत नाही. साठवायची सवय आजीकडून आली, पण साठवलेले जिरवायची सोय आली नाही. त्यात कपडे पूर्वी वर्षातून एकदा-दोनदा शिवले जात, आता ते मोबाइलवर बोट ठेवले की दारात येतात.

आमच्याकडे या जास्तीच्या वस्तूंचा विचार फार व्यवहारी पद्धतीने झालेला आहे, आणि तो मुस्लिम घरांतही पुरेसा माहीत नाही. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या सोने, चांदी, रोकड आणि विक्रीच्या मालावर काढायचा अडीच टक्के हिस्सा, हे एव्हाना या पानाच्या सर्वच वाचकांना ठाऊक आहे. भांडीकुंडी, कपडे, कपाटे यांवर जकात नाही. त्यामुळे माळ्यावरच्या सामानाचा देण्याघेण्याशी संबंध नाही, अशी समजूत असते. ईदच्या नमाजआधी द्यायच्या फितऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. घाटावर आपल्याकडे बहुतेक मुस्लिम हनफी परंपरेचे. त्या परंपरेत फितरा कोणावर लागू होतो, हे ठरवताना घरातल्या विनावापराच्या वस्तूसुद्धा मोजतात. राहते घर, वापरातले कपडे, रोजची भांडी, कारागिराची हत्यारे, कामावर जायचे वाहन ही ‘हाजत-ए-असलिया’, म्हणजे मूळ गरज. ती सोडून जे उरते त्याची किंमत, कर्ज वजा जाता, साडेबावन्न तोळे म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीइतकी झाली, तर त्या माणसाने फितरा द्यायचा आणि स्वतः जकात घ्यायची नाही. कोकणातले शाफई मुस्लिम हे वेगळ्या रीतीने मोजतात. तिथे ईदच्या दिवसाचे आणि रात्रीचे खाणे घरात असून वर काही उरत असेल, तर तेवढे पुरते.

फितरा माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. रक्कम किरकोळ आहे. मला मोलाची वाटते ती त्यामागची मोजणी. खोके न फोडलेला ग्लासचा सेट ही ‘कधीतरी लागेल’ अशी वस्तू न राहता एकदम मालमत्तेच्या रकान्यात जाते. ती आपल्याला गरीब राहू देत नाही. हा रकाना कोणत्याही घरात मांडता येईल. त्याला रोजा धरायची गरज नाही.

मग या वस्तू द्यायच्या कधी? इथे माझी तक्रार आहे. आपण वस्तू देतो ती तिचा जीव गेल्यावर. स्वेटर पाच हिवाळे कपाटात ठेवायचा, कसर लागली की ‘गरिबाला होईल’ म्हणून पिशवीत भरायचा. ईदच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी अशा पिशव्यांचा पूर येतो. चेन तुटलेल्या पँट, एकेकटी चप्पल, डाग पडलेले परकर. घेणाऱ्याने त्यातून निवडायचे आणि उरलेल्याची विल्हेवाट लावायची; म्हणजे आपला कचरा उचलायचे काम त्याच्या गळ्यात, वर पुण्य आपल्या खात्यात. स्वतःला कोणी दिले तर डोळे मिटूनच घ्यावे लागेल असे देऊ नका, ही ताकीद कुराणात आहे. त्या जुन्या काळातही लोक खजुराचे हलके घोस दानासाठी बाजूला काढत असत, तेव्हाची ती गोष्ट. मनुष्यस्वभाव फारसा हललेला दिसत नाही.

यापेक्षा बोहारणीचा व्यवहार सरळ होता. ती दारात बसून प्रत्येक कपडा उलटासुलटा करून बघायची, विरलेला बाजूला टाकायची आणि चांगल्याच्या बदल्यात पातेले द्यायची. जुन्या कपड्याला किंमत आहे आणि ती तो चांगला असेपर्यंतच आहे, हे तिच्यामुळे घराघराला कळत होते. कपडे देणाऱ्याला उपकार केल्याचे आणि घेणाऱ्याला उपकाराखाली आल्याचे वाटू नये, हा विचार ‘गूंज’ या संस्थेनेही १९९९पासून केला आहे. गावातले लोक विहीर, रस्ता, बांध असे आपल्याच गावाचे काम करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मोहल्ल्यात एवढे मोठे काही उभारायला नको. मुलाला शाळेचा गणवेश आखूड झाला की त्याच आठवड्यात धुऊन, बटणे लावून खालच्या वर्गातल्या मुलाकडे गेला, तर तो वर्षभर वापरला जातो. मे महिन्यापर्यंत माळ्यावर थांबला तर गेलाच.

घरात निवड करायला बसाल तेव्हा एकटीने बसू नका. प्रत्येकाने आपापला ढीग स्वतः काढावा. सासूबाईंच्या पेटीला सुनेने हात लावला की साफसफाईचे भांडण होते, आणि मुलांच्या नकळत त्यांची खेळणी दिली तर त्यांना देणे कळत नाही, फक्त हरवणे कळते. एतेकाफला न बसलेल्या पुरुषांनी तरावीहला जायच्या आधी अर्धा तास माळ्यावर चढायला हरकत नसावी. मुदत संपलेली औषधे मात्र कोणाला देऊ नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. तो घातक कचरा आहे, वेगळा द्यायचा.

कागदांचा गठ्ठा शेवटी घ्या आणि घाई करू नका. आमच्या घरांत उर्दू वर्तमानपत्रांची रास साठते, कारण त्यांत आयत छापलेली असते आणि ती रद्दीत घालायला मन धजत नाही. शेजारच्या घरात गणपती छापलेल्या लग्नपत्रिका त्याच कारणाने वर्षानुवर्षे ड्रॉवरमध्ये असतात. मशिदींमध्ये अशा कागदांसाठी पेटी असते. ते नंतर स्वच्छ जागी पुरले जातात.

त्याच गठ्ठ्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर तो उचलून वेगळा ठेवा. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यात बागवान, मोमीन, तांबोळी आले, तसेच माळी, कुंभार, शिंपीही आले. पत्र्याच्या ट्रंकेतला तो एक पिवळा कागद नसला, की नातीच्या प्रवेशाच्या वेळी तहसील कार्यालयाच्या आणि जुन्या शाळांच्या खेपा सुरू होतात. ट्रंक भंगारात द्यायच्या आधी तिच्या तळाशी अंथरलेले वर्तमानपत्र उचलून पाहा. असे कागद बहुधा त्याच्याच खाली असतात.