फुगडी, भूमि आणि पादत्राण

आमच्या वालावल गांवीं चतुर्थींत माटवीपुढें फुगडी रंगते. पूर्वीं बायका सारवलेल्या भुईवर अनवाणी फुगडी घालीत. आतां घरोघरीं गुळगुळीत फरशी आली आहे. गेल्या वर्षीं आमची नात पायमोज्यांसह उभी राहिली आणि घसरली. हात धरलेल्या तिच्या आजीचें मनगट मोडलें. दोष मुलीचा नव्हे. आम्हीं वडीलधाऱ्यांनींच तिला सावध केलें नाहीं.

फुगडींत पाय जुळवून देह मागें कलतो. एकीचा पाय सुटला कीं दोघी पडतात. यास्तव फरशी कोरडी पुसावी, पायमोजे काढावे व अनवाणीच खेळावें. जांभ्याच्या खडबडीत खळ्यांत मात्र टाचेस पट्टा असलेली, चामड्याच्या पातळ तळाची वहाण बरी. जाड रबरी तळ भुईस धरून राहतो आणि गिरकींत गुडघा पिरगळतो.

यंदा आजींस पुन्हां फुगडी घालावयाची आहे.